हाय गिलची वाट

"यू हॅव रीच्ड युअर डेस्टिनेशन," लॅपटॉपमधली रस्ता सांगणारी बाई म्हणाली आणि ज्ञानेश्वरने गाडी थांबवली. समोर दगडी कुंपण होतं. कुंपणापलीकडे मेंढ्या. घराचा कुठे मागमूस नव्हता.

मागच्या सीटवर ईशिता हसू लागली. लीड्सहून ती शनिवार-रविवारपुरती आईबाबांकडे आली होती.

"बाबा, मेंढीला विचारा ना, डॉक्टर पाहिजे का?"

ज्ञानेश्वर हसला नाही. त्याने त्या सॉफ्टवेअरची सीडी बाहेर काढली आणि डबीत ठेवून डबी मिटली.

"हे बाद," तो म्हणाला.

"पण सगळे आता ती छोटा बॉक्स घेतात. डॅशबोर्डवर लावायची. लॅपटॉप इतका मोठी कशाला?" इंग्लंडातच वाढलेल्या ईशिताचं मराठी असंच अडखळायचं.

"त्या बॉक्सलाही पोस्टकोडच लागतो गं. आणि इथे अर्ध्या खोऱ्याला एकच पोस्टकोड आहे."

ब्रॅकनेलच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला त्याला चार वर्षं झाली होती. पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनिअरला नवी नोकरी मिळाली नाही. मग त्याच्या बायकोने, सुप्रभाने, यॉर्कशर डेल्समधल्या एका छोट्या गावच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, जीपीची, फॅमिली डॉक्टरची, जागा घेतली आणि दोघं इकडे आली. तो बाग बघायचा, स्वयंपाक करायचा. लीड्सच्या गणपतीत कोणी "सध्या काय करता?" असं विचारलं, की पाणी आणायच्या निमित्ताने उठायचा.

नोव्हेंबरात सुप्रभा रस्ता चुकली. छातीत कळा येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जायचं होतं. ती भलत्याच फार्मवर पोहोचली आणि तिथून परत फिरेपर्यंत फार वेळ गेला. म्हातारा वाचला. पण सर्जरीतले वरिष्ठ डॉक्टर हार्टली दुसऱ्या दिवशी तिला फार गोड आवाजात म्हणाले, की यापुढे डोंगरातल्या व्हिजिट्स मी बघतो, तू सर्जरी सांभाळ. जेवताना हे सांगताना सुप्रभा पोळीचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. खाल्ला त्यातला एकही नाही.

त्या रात्रीपासून ज्ञानेश्वरने तिला रस्ता दाखवणारं साधन शोधायचं काम अंगावर घेतलं होतं.

बोलणारं सॉफ्टवेअर बाद झाल्यावर त्याने मुकं सॉफ्टवेअर मागवलं. डोंगर तुडवत फिरणाऱ्यांसाठीचे नकाशे होते ते. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, असं काही ते सांगत नसे. पण त्यात प्रत्येक भिंत होती, प्रत्येक गोठा, ओढा, फाटक होतं, आणि फार्मचं नाव टाकलं की नेमकी जागा उघडत होती. उपग्रहावरून गाडीची जागा कळवणाऱ्या रिसीव्हरच्या बाबतीत मात्र तो अडला. बिनवायरचा दिसायला सुबक होता, मिहीरने ब्रॅकनेलहून फोनवर त्याचीच शिफारस केली होती. मिहीर हा त्याचा पुतण्या, अशा वस्तूंतला जाणकार. ज्ञानेश्वरने तो घेऊन पाहिला. दाट झाडीखाली दोनदा त्याचा संपर्क तुटला आणि एका गारठलेल्या सकाळी बॅटरीने मान टाकली.

"मला वायरवालाच पाहिजे," त्याने मिहीरला सांगितलं. "टपावर लोहचुंबकाने चिकटणारा."

"काका, जुनाट दिसेल हो गाडी."

"दिसू दे."

आणि मग रोज दुपारी तो एकटाच खोऱ्यात फिरू लागला. टपावर काळी डबी, दाराच्या रबरातून आत आलेली वायर, शेजारच्या सीटवर लॅपटॉप. नकाशावरचा बाण आणि खिडकीबाहेरचं फाटक जुळलं की तो स्वतःशीच मान हलवायचा. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा लॅपटॉपचा चार्जर सुप्रभानेच आणून दिला.

फेब्रुवारीत एका दुपारी खोऱ्यात धुकं उतरलं. समोरचं टपरीवजा पोस्ट ऑफिससुद्धा दिसेना. ज्ञानेश्वर डाळीला फोडणी देत होता, तेवढ्यात सुप्रभाची गाडी दारात येऊन थांबली. ती आत आली ती बॅग हातात घेऊनच.

"अहो, हाय गिल फार्मवर पाच वर्षांची मुलगी आहे. ताप, मान ताठ. आईने काचेचा ग्लास दाबून पाहिला, अंगावरचे डाग जात नाहीत. मेनिंजायटिस वाटतोय. अॅम्ब्युलन्स लांबून निघालीय, हेलिकॉप्टर या धुक्यात उडणार नाही. पेनिसिलिन आत्ता द्यायला हवं."

"हार्टली?"

"खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. चला ना."

त्याने गॅस बंद केला, लॅपटॉप उचलला आणि काळी डबी तिच्या गाडीच्या टपावर चिकटवली.

सुप्रभा गाडी चालवत होती, लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता. काचेबाहेर नुसता पांढरा पडदा. रस्त्याची कडसुद्धा चाकाखाली येईपर्यंत कळत नव्हती.

"डावीकडे भिंत संपेल. आता. त्यानंतर लगेच पूल."

चाकांखाली पुलाचा आवाज बदलला.

"हळू. उजवीकडे फाटक येईल, ते आपलं नाही. ते लो गिलचं."

नोव्हेंबरात ती तिथेच वळली होती. तिचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले, पण ती सरळ गेली.

"आता वळ."

"मला काही दिसत नाहीये."

"मला दिसतंय. वळ."

ती वळली. चढ लागला, खडी उडाली आणि पांढऱ्यातून एक पिवळा दिवा वर आला. दारात एक बाई कोट न घालता उभी होती. सुप्रभा धावत आत गेली.

ज्ञानेश्वर वायर काढून लॅपटॉप आत घेऊन आला आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. आतून सुप्रभाचा आवाज येत होता, सावकाश, मुलीशी बोलणारा. मग मुलीचं बारीकसं रडणं ऐकू आलं. सुई टोचली गेली होती.

भिंतीवरचा फोन वाजला. मुलीच्या बापाने उचलला आणि गडबडून गेला. अॅम्ब्युलन्सवाले होते, रस्ता चुकून कुठल्यातरी फाटकापाशी अडकले होते. ज्ञानेश्वरने हात पुढे केला.

"फाटक लाकडी की लोखंडी?" त्याने विचारलं. "लोखंडी? शेजारी ओढ्याचा आवाज येतोय? मग तुम्ही लो गिलला आहात. मागे फिरू नका. मी सांगतो तसे या."

तो लॅपटॉप टेबलावर उघडून नकाशा बघत सांगत गेला. त्याचा आवाज चढला नाही, अडखळला नाही. ब्रॅकनेलच्या मीटिंगांमध्ये तो असाच बोलायचा. दारात येऊन उभी राहिलेली सुप्रभा ऐकत होती. थोड्या वेळाने धुक्यात निळा दिवा फिरू लागला.

मुलगी वाचली. चौथ्या दिवशी तिने हॉस्पिटलात टोस्ट मागितला, असं तिच्या आईने फोन करून सांगितलं आणि मग ती बराच वेळ फोनवर नुसती रडत राहिली. त्याच संध्याकाळी डॉक्टर हार्टली सुप्रभाच्या खोलीत आले. खोऱ्याच्या उत्तरेकडच्या सगळ्या व्हिजिट्स पुन्हा तिच्याकडे देऊ का, असं त्यांनी विचारलं. देऊ का, असं. ती हो म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या आठवड्यात सुप्रभा घरी आली तेव्हा ज्ञानेश्वर पॅसेजमध्ये फोनवर बोलत होता. पलीकडे अॅम्ब्युलन्स स्टेशनचा प्रमुख होता. त्या दिवशी वापरलेला सगळा सरंजाम आमच्या गाड्यांनाही बसवून द्याल का, माणसांना शिकवाल का, त्याचं काय ते मानधन घ्या, असं तो विचारत होता. सुप्रभा कोट न काढताच थांबली.

"देतो की," ज्ञानेश्वर म्हणाला. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "पण मंगळवार नको. मंगळवारी मला काम असतं. डॉक्टरांच्या व्हिजिट्स असतात."

सुप्रभाने आवाज न करता कोट खुंटीला अडकवला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.