देवाप्पांचा हुंकार

“हूं,” देवाप्पा म्हणाले, आणि त्यांच्या लेकीनं, मैत्रीनं, गोष्टीतल्या सार्माती टोळ्यांचे घोडे बर्फ झालेल्या डॅन्यूब नदीवरून पलीकडे नेले.

देवाप्पा म्हणजे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेला माणूस. तिथं काम करता करता गोष्टी चालायच्या आणि नियम एकच: ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट मोडली, सांगणाऱ्यानं मुकाट उठून आपल्या वाटेला लागायचं. अर्धांगानं डावी बाजू गेली तरी म्हाताऱ्यानं हा नियम सोडला नव्हता. लॅटिन शिकून ही पोर काय दिवे लावणार, असं अख्खी गल्ली विचारायची. तिच्या सार्मातींवरच्या अर्धवट प्रबंधाला हुंकार देणारा तेवढा एक बापच होता.

“पर ती घोडेवाली सवताला काय म्हनायची गं?”

“पक्कं कुणालाच ठावं न्हाय, आप्पा. त्यांनी काय लिहूनच ठेवलं न्हाय. लिहिलं ते रोमवाल्यांनी. त्यांच्या कवींना थंडी दाखवायची असू दे, न्हायतर रानटीपणा, सार्माती आलेच ओळीत.”

“म्हंजे आपल्यावानीच की! नाव दुसऱ्यानं ठिवायचं, आन शिवी म्हनून वापरायचं बी त्यानंच.”

मैत्री हसली. नेमकं हेच तिला लिहायचं होतं. आप्पा पडले तेव्हा पुण्यातलं सगळं टाकून ती आली, ती आलीच. तासिकेवरची कॉलेजातली नोकरी, औषधं, अंथरूण, पुन्हा औषधं. बापावर जीव होता, आणि त्याच घरात जीव घुसमटतही होता. खोटं कशाला बोला?

“आप्पा, पुण्याची फेलोशिप मिळालीय. तीन वर्षं ऱ्हावं लागंल. शेजारच्या मंगलआक्का तुमचं बघते म्हणत्यात.” तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. “जाऊ का?”

हुंकार आला नाही.

“आप्पा?”

देवाप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुण्याची गोष्ट मोडली, असं मैत्री समजली. घरामागच्या परड्यात जाऊन तिनं पुण्याच्या फेलोशिपवाल्या मॅडमना फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. मॅडम हळहळल्या, मग यादीतल्या दुसऱ्या मुलीला आत्ताच कळवते म्हणाल्या. फोन ठेवून ती नळापाशी बसून रडली. रागही आला. एक हूं म्हणायला काय जात होतं यांचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न बोलता चहा पुढं केला. देवाप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बॅग भरली न्हाईस व्हय अजून?”

“कसली बॅग?”

“पुन्याची, आन कसली! काल म्या हुंकार का दिला न्हाय? दिला असता तर बसली असतीस जलमभर हितंच सांगत. म्या गोष्ट मोडली, तू मोकळी झालीस.” त्यांनी चहा बाजूला ठेवला. “तुझ्याकडं बगवंना, म्हनून तोंड फिरीवलं. लई जड गेलं बग.”

मैत्रीला आत्ता उमगलं. दोघंही एकाच वखारीच्या नियमानं वागले होते, आणि दोघांचंही चुकलं होतं. सांगून टाकावं, असं ओठापर्यंत आलं. पण म्हातारा इतक्या दिवसांनी उशीला टेकून ताठ बसला होता.

“कळवलंस न्हवं त्यास्नी?”

“व्हय आप्पा. कालच कळवलं.”

“अगं ए मंगल!” देवाप्पांनी खिडकीतून हाळी दिली. “पोरगी पुन्याला चालली गं माझी! लॅटिनवाली हाय म्हनावं, लॅटिनवाली!”

शेजारची मंगल पिठाच्या हातानंच धावत आली. आधी फडताळातला साखरेचा डबा काढून तिनं देवाप्पांच्या तोंडात चिमूट घातली, मग मैत्रीकडं वळली.

“आ कर गं, बाई. आता तर रडायचं न्हाय.”

मैत्रीनं तोंड उघडलं.