राईच्या बांधावरची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण बोलतेय. हाटकेश नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, दाराच्या मागच्या खिळ्याला मी लटकलेली असते. दार उघडलं की झाकली जाते, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसत नाही. आत्ता घरात कोणी नाही, म्हणून मन मोकळं करतेय.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते नया नगरातलं जुन्या सामानाचं दुकान. तिथे मिक्सरच्या भांड्यांत आणि बंद घड्याळांत मी धूळ खात पडले होते. एके दिवशी क्षितिजा आली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भाभी, इससे चांद के खड्डे भी दिखते हैं."

"चांद नहीं चाहिए भैया, पंछी दिखे तो बस है," ती हसून म्हणाली आणि मला पिशवीत टाकून घरी घेऊन आली.

मी आले होते तिच्या मुलीसाठी. इशिता तेव्हा आठ वर्षांची होती. बोलताना अडखळायची. वर्गात वाचायची पाळी आली की मुलं तिची नक्कल करायची, आणि ती घरी येऊन जेवायचीच नाही. शेवटी क्षितिजाने बँकेतली नोकरी सोडली, लेकीला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. इशिताचा बाबा साईराज स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. तो एवढंच म्हणाला, "बघ, एकटीला जमेल ना?"

"जमवते," क्षितिजा म्हणाली. आणि खरंच जमवलं तिने. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले, गिरणीतून दळण आणताना वजनमाप. रात्री सगळी झोपली की ती उद्याचा धडा आधी स्वतः वाचून ठेवायची.

माझे खरे दिवस दसरा उलटला की सुरू व्हायचे. पावसाने धुतलेलं आभाळ, अंगाला चटका देणारं ऊन. मायलेकी बसने खाडीकाठच्या राई गावाला जायच्या. जुन्या मिठागरांच्या बांधावर बसून पोहे खायच्या आणि पाळीपाळीने मला डोळ्यांना लावायच्या. लिफ्टमध्ये शेजारीण हटकून विचारायची, "आज इसका स्कूल नहीं है क्या?" तेव्हा इशिता माझा पट्टा मुठीत आवळून धरायची.

बांधावर मात्र कोणी काही विचारत नसे. उथळ पाण्यात शेकाट्या नावाचे पक्षी फिरायचे, काळ्या पंखांचे, काठ्यांसारख्या लांब गुलाबी पायांचे. इशिता ते बघायची, आणि मग हळूच मला पलीकडच्या वाटेवर वळवायची. त्या वाटेने गावातली पोरं शाळेतून परतत असायची, एकमेकांची दप्तरं ओढत, ओरडत. ती पोरं दिसेनाशी होईपर्यंत ती मला खाली घेत नसे. क्षितिजाला वाटायचं, पोरगी पक्ष्यांत रमलीय.

एकदा त्या वाटेवरून गणवेशातली एक मुलगी थेट बांधावर आली. ती समीक्षा, बांधावर येताजाता ओळखीच्या झालेल्या म्हाताऱ्या रखमाबाईंची नात.

"काय बगतंस गो?"

"पक्षी बघतेय ती," क्षितिजा म्हणाली.

"नाव काय हिचा?"

"इशिता."

"कंच्या शाळेत हाय?"

क्षितिजा पुन्हा बोलणार, एवढ्यात इशिताने मला गळ्यातून काढलं. "आई, मी... मी सां-सांगते."

आणि मग तिची जीभ अडकली. "शे... शे..." ती लालबुंद झाली. क्षितिजाने डब्याचं झाकण हातात गच्च दाबून धरलं होतं. समीक्षा नुसती उभी राहिली. "शे-शेकाट्या!" इशिताने शाळेचं सोडून तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदाचं दिलं आणि मला तिच्या हातात ठेवलं.

"आयला, किती लांब पाय हायत!" समीक्षा ओरडली. त्या दुपारी दोघी मला एकमेकींच्या हातातून ओढत होत्या. इतकी मी कधीच कुणाला हवीशी झाले नव्हते.

घरी आल्यावर इशिता म्हणाली, "आई, मला शा-शाळेत जायचंय."

"पुन्हा हसतील गं तुला."

"हसू देत. इथे तर को-कोणी हसतसुद्धा नाही."

क्षितिजा बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी तिच्या गळ्यात तशीच होते. मागून साईराज आला. "तुझं काही चुकलं, असं नाही म्हणत ती."

"मग काय म्हणतेय?"

त्याने मला तिच्या गळ्यातून काढून खिळ्याला अडकवलं.

जूनमध्ये इशिता नव्या शाळेत गेली. सुरुवातीला मुलं हसली, ती रडलीही. पण परत गेली. हळूहळू मैत्रिणी झाल्या, मग डबा संपवून यायला लागली, मग घरी यायला उशीर होऊ लागला. क्षितिजा अजून रात्री उद्याचा धडा वाचून ठेवते, आणि पुस्तक मिटून बसून राहते.

यंदा दसरा झाल्यावर तिने विचारलं, "रविवारी राईला जाऊया?" मैत्रिणीचा वाढदिवस होता. त्यापुढच्या रविवारी नाचाची प्रॅक्टिस. मग एका मंगळवारी क्षितिजा एकटीच मला घेऊन निघाली. या पावसाळ्यात माझ्या उजव्या काचेत बुरशी धरली आहे, त्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं. तरी ती बघत राहिली.

रखमाबाई बांधावरून येत होत्या. "पोरगी न्हाय आणलीस?"

"शाळेत आहे."

"बरी हाय ना?"

"छान आहे. खूप बोलते आता."

रखमाबाई तिच्या शेजारी टेकल्या. म्हणाल्या, "आन् तू गो? तू कुनाशी बोलतंस?"

क्षितिजाने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. म्हातारीनेही घाई केली नाही.

इशिता, मी दुरुस्त होईन असं मला वाटत नाही, आणि तू माझ्याकडे परत यावंस असा हट्टही नाही. तुझ्या मैत्रिणी तुला लखलाभ. पण एखाद्या रविवारी, आईने विचारायच्या आधी तू विचार, "आई, येतेस?" मला खिळ्यावरच राहू दे. तिला घेऊन जा.