आतून लावलेली कडी

वाचकजनहो, ज्या भूमीवर आपण पाय रोवून उभे राहतो ती भूमीच जेव्हा बोलू लागते, तेव्हा माणसाने घरात राहावे की घराबाहेर, असा बिकट प्रश्न आमच्या डहाणू-तलासरीच्या मुलखाला एका हिवाळ्यात पडला होता. त्याच हिवाळ्यात आयुष्यात प्रथमच घर लाभलेल्या एका मुलीची, आणि तिला ते मिळवून देणाऱ्या रतनताईंची हकिगत मी येथे यथामती निवेदन करीत आहे. तीत मी पदरचे काही घातलेले नाही.

“उतरा ताई, लवकर उतरा. मी इथं इंजिन बंद करत नाय,” इको गाडीचा चालक म्हणाला.

“एवढी घाई कसली रे तुला?”

“बंद केलं तर खालचं ऐकू येते.”

रतनताईंचा दुसरा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच त्याने गाडी वळवली आणि तो तलासरीकडे निघून गेला. वडपाड्याच्या तोंडाशी रतनताई एकट्याच उभ्या राहिल्या. दुपारचे चार वाजले होते, ऊन स्वच्छ होते, आणि गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या घरांची दारे सताड उघडी होती. आत मात्र एकही माणूस नव्हता. एका घरात भिंतीवरचे घड्याळ चालू होते. एक कोंबडी एका दारातून बाहेर आली, शेजारच्या दारात शिरली आणि थोड्या वेळाने तिसऱ्या घरातून निघाली. कुत्रे भुंकले नाही. साऱ्या गल्लीत केवळ एकच दार बंद होते, आणि ते ज्या खोलीचे होते ती खोली रतनताईंनीच ठरवून दिलेली होती.

रतनताईंचे वय त्रेपन्न. वसतिगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या, आणि ज्यांना जायला घरच नाही अशा मुलामुलींना भाड्याची खोली पाहून द्यायची, काम मिळवून द्यायचे आणि ती आपल्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांच्या मागे राहायचे, हे त्यांचे डहाणूतल्या एका लहानशा संस्थेतले काम. चौदा वर्षे त्या ते करीत होत्या. चार वर्षांपूर्वी चैत्या नावाच्या मुलाला त्यांनी आशागडला खोली घेऊन दिली. तो दार उघडे टाकून, पायांत चपला घालून, उंबऱ्याशी बसून राहायचा. दहाव्या दिवशी खोलीत त्याची पिशवी होती, चटई होती, तो नव्हता. अजूनही डहाणू रोडच्या फलाटावर कोणी चपला घालून उकिडवा बसलेला दिसला की रतनताई पुढे होऊन त्याचे तोंड पाहत.

तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडली होती. वसतिगृहात कडी बाहेरून लागते आणि फलाटाला तर दारच नसते. म्हणून ज्याला आतून कडी लावता येत नाही त्याला घर मिळाले असे म्हणता येत नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. नव्या खोलीच्या पहिल्या सात दिवसांत दिवेलागणीला त्या येत, बाहेर उभ्या राहत, आणि आतून कडी पडल्याचा आवाज ऐकला की काही न बोलता परत जात.

या खोलीत धाकली राहत होती. वय एकोणीस. आईवडील वीटभट्टीवर गेले ते परतलेच नाहीत. वसतिगृह सुटल्यावर ती घोलवडला चिकू भरण्याच्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटांवर निजायची. त्याआधी काही रात्री तिने फलाटावरही काढल्या होत्या. शेडमधून रतनताईंनी तिला आणले आणि हायवेवरच्या एका कारखान्यात डबे भरण्याचे काम मिळवून दिले. चार संध्याकाळी नियमाने पार पडल्या. मग रतनताईंना ताप भरला. तीन दिवस खाट हलते ती तापानेच, असे त्यांना वाटत राहिले. फोनवर धाकली एवढेच म्हणे, “बरी हाय मी.”

घरमालक विनोद घराच्या मागून धावत आला.

“काय शिकवून ठेवलंय ताई पोरीला? तीन दिवस जमीन हलते, सगळा पाडा बाहेर खळ्यात झोपते, न् ही आत कडी घालून!”

“कामाला तरी जाते ना?”

“जाते, येते, न् कडी. माझ्या बायकोनं भाकर नेली तर खिडकीतून घेतली. राणीसरकार! भाकर चालते, आमची सोबत नाय चालत.”

“तू नीट समजवायचं होतंस.”

“हात जोडले ओ! उद्या घर बसलं तर लोक बोलतील, विनोदनं भाड्यापायी पोरगी मारली.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि ताई, ती आत कुणाशी तरी बोलते.”

रतनताई दाराशी गेल्या.

“धाकले, मी आले. कडी काढ.”

“नाय काढणार. तुम्हीच बोललात ना, कोण पण आलं तरी कडी तुझ्या हातात.”

“मीच सांगतेय आता, काढ.”

“मग तेव्हाचं काय खोटं होतं?”

रतनताईंनी दाराला कान लावून विचारले, “आत बोलतेस कुणाशी?”

“खालच्याशी.”

“कोण खालचा?”

“मला काय माहीत? आधी कडी हलते, आपली आपण. मग आवाज येते. मग सगळंच हलते. मी कडी धरून बसते न् त्याला बोलते, नाय उठणार.” दाराआड ती खाली बसली. “सगळे उठच बोलायचे, ताई. फलाटावर झाडूवाली, शेडमधी वॉचमन. आईबाप गेल्यावर मामीनं पण घरातून उठवलं. आता हा जमिनीखालून आलाय. मी एकदा बाहेर गेले की खोली गेली.”

“असं कोण म्हणालं तुला?”

“बोलायला कशाला पाहिजे? माझं दरवेळी तसंच होते.”

तेवढ्यात दाराच्या बाहेरच्या बाजूचा कोयंडा किणकिणला. वारा नव्हता. रतनताईंचा हात दारावर होता, आणि फळीच्या पलीकडून त्या मुलीने पाठ टेकवून रेटल्याचे त्यांना जाणवले. मग खोल कुठेतरी कोणी ट्रकभर दगड ओतावेत तसा आवाज पायांखालून निघाला आणि गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. एक कौल घसरून त्यांच्या पुढ्यात फुटले. साऱ्या उघड्या दारांतून एकाच वेळी धूळ बाहेर पडली, आणि रिकामी घरे श्वास सोडून पुन्हा निश्चल झाली.

त्या शांततेत दाराआडून धाकलीचा स्वर आला. ओळखीच्या माणसाशी बोलावे तसा हलका, न रागावलेला.

“नाय उठणार बोलले ना.”

आपण शिकवलेला धडाच या मुलीला गाडणार, हे त्यांना कळून चुकले. दार फोडावे, तर तिला उठवणाऱ्यांत आपलीही भर पडते, आणि मग ती चैत्यासारखी जाते. न फोडावे, तर भिंत अजून किती हादरे सोसेल याचा नेम नाही. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

काठीचा आवाज करीत विनोदची आई आनंदीबाई आली. सत्तरी उलटलेली म्हातारी. तिने घराकडे वर पाहिले नाही.

“येते का नाय तुमची पोर?”

“ऐकत नाही हो.”

“मंग तिची जागा मी किती दिस राखू? पोरं खेळाया घुसतात तिथं. हाकलून हाकलून माझा घसा बसला.”

“कसली जागा?”

म्हातारीने त्यांचे मनगट धरले आणि त्यांना घरामागे भातझोडणीच्या खळ्यात नेले. तिथे निळ्या प्लास्टिकचे तंबू एका ओळीत उभे होते. विनोदचा तंबू होता, त्यानंतर शेजारच्या काकड्याचा होता, आणि दोहोंच्या मध्ये एका खोलीएवढी जागा मोकळी सोडलेली होती. ती झाडलेली होती, शेणाने सारवलेली होती, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. गच्च भरलेल्या त्या खळ्यात तेवढा चौकोन पाहून रतनताईंच्या अंगावर काटा आला.

“इथलं कोणी वारलं का?”

“छॅ! तुमच्या पोरीची हाय. जसं घर तसा तंबू. तिची खोली आमच्या न् काकड्याच्या मधी, तर तंबू पण मधीच.” आनंदीबाईने काठीने जमीन दाखवली. “तो खालचा हितले तंबू मोजीत जाते. एक रिकामा दिसला तर माणूस घरात शोधाया लागंल.”

“पण सारवलं कोणी?”

“मी. तिला कुठं येळ हाय? कामावर जाते ती.”

रतनताई जवळजवळ पळतच दाराशी परतल्या.

“धाकले, मागची खिडकी उघड. खळ्यात बघ.”

खिडकीचे दार करकरले.

“ती कुणाची जागा?”

“तूच सांग. विनोदचं घर. मग कोण? मग काकड्या.”

मग, अगदी हळू, “मग मी.”

कडी निघाली. धाकली बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत वळकटी होती, हातात पातेले होते आणि तळहातावर कडीचा तांबूस वळ उठला होता. उंबऱ्याबाहेर ती घुटमळली.

“दार लावू का?”

“नको, उघडंच ऱ्हाऊ दे,” आनंदीबाई म्हणाली. “त्याला आत बघू दे. कोण नाय दिसलं म्हंजे जाईल पुढं.”

रतनताईंची परतीची गाडी येऊन गेली तरी त्या उठल्या नाहीत. विनोद प्लास्टिक सकाळी आणणार होता. तोवर धाकलीने चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार दगड ठेवले, वळकटी पसरली आणि तीन दगडांची चूल मांडून तांदूळ शिजत घातले. सूर्य समुद्राकडे उतरला. पाड्याची घरे काळी पडत गेली आणि त्यांची उघडी दारे त्याहून काळी दिसू लागली.

विनोदची सात वर्षांची रिया पत्र्याचा तुकडा घेऊन चौकोनाच्या कडेला येऊन उभी राहिली.

“धाकलीताई, आजी विस्तव मागते. आमची चूल पेटत नाय.”

धाकलीने रतनताईंकडे पाहिले. तिच्याकडे आजवर कोणी काही मागितलेले नव्हते. रतनताई मुद्दामच दुसरीकडे पाहू लागल्या.

“थांब,” धाकली म्हणाली. तिने पातेले उतरवले आणि दोन काटक्यांनी निखारे उचलून पत्र्यावर ठेवले. त्याच वेळी जमिनीतून तो आवाज पुन्हा आला. सारे खळे गप्प झाले. पत्र्यावरचे निखारे थरथरले, एकमेकांना लागले आणि स्थिर झाले. धाकलीने ते पूर्ण थांबेपर्यंत पत्रा आपल्याच हातात धरून ठेवला. मग तिने तो मुलीच्या हाती दिला.

रिया वळकटीवरून सरळ पलीकडे निघाली.

“ए, तिकडून नाय,” धाकली म्हणाली, “दारातून जा.”

रिया थबकली. ती हसली नाही. दोन दगडांच्या मधोमध, जिथे दार नव्हते तिथे ती गेली, डोके किंचित वाकवले, आणि विस्तव सांभाळीत बाहेर पडली.

ही साधी हकिगत आपण अखेरपर्यंत मन लावून वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

— नविन रावजी खरपडे, मुक्काम आशागड