करवीच्या मधाची कडवट झाक

करवीचा मध ओळखणारी जीभ सबंध नगर जिल्ह्यात तिघांनाच लाभली होती. त्यांतले दोघे वारले होते आणि तिसरे राहात्याच्या मिशन शाळेतले एलिया मास्तर. ही माहिती खुद्द एलिया मास्तरांनीच दिली होती, आणि वारलेल्या दोघांची नावं त्यांना आठवत नव्हती.

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर होती आणि अख्खा गाव गुळाचा चहा पीत होता. मास्तरांच्या पुढच्या खोलीत मात्र फळीवर मधाच्या सहा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. पाहुणा आला की मास्तर आगकाडीच्या टोकावर एक थेंब घेऊन त्याच्या जिभेवर टेकवत आणि विचारत, "मागून कापूर येतोय?"

"येतोय."

"जांभळाचा मध!"

बोरीच्या मधाला ओव्याची झाक होती. पुणतांब्याहून आणलेल्या बाभळीच्या मधानं जिभेचा शेंडा किंचित बधिर होई. पाहुण्यांना हे सगळं पटे, कारण कापूर खरोखरच येत असे.

हन्नाची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, मधाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार फळीची होती. तिच्या लोणच्याच्या चार बरण्या नऊ वर्षं खाटेखाली होत्या, आणि रोज सकाळी उठताना तिच्या पायाचा अंगठा त्यांतल्या एकीवर आपटत असे.

"अहो, औषधाच्या बाटल्यांना फळी आणि माझ्या लोणच्याला खाटेखालची धूळ?"

"बाटल्या औषधाच्या असतील. आत मध आहे."

बाटल्या हन्नाच्या भावानं दिलेल्या. विल्सन केडगावला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. दाजींच्या छंदासाठी तो रिकाम्या बाटल्या बाजूला काढून ठेवी. किती डोस घ्यायचे ते दाखवणारी कातरलेली कागदाची पट्टी अजून त्यांच्या पाठीला चिकटलेली असे.

करवीचं रानझुडूप सात वर्षांतून एकदाच फुलतं; चव्वेचाळीस साली ते अकोले तालुक्याच्या डोंगरात फुललं. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर विल्सनकडची एक नवी रिकामी बाटली पिशवीत घालून निघाले. अकोल्यापर्यंत कोळशावर चालणारी मोटार होती. चढ आला की उतारूंनी उतरून ती ढकलायची, असा रिवाज होता, आणि रस्ता बहुतेक चढाचाच होता. पुढे दीड दिवस पायपीट केल्यावर त्यांना सहादेव भेटला. तो कड्यावरून दोर सोडून मधाची पोळी काढत असे.

"करवीचाच मध आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"आता माशीला काय म्या इचारलं न्हाई, मास्तर. पन समदं रान करवीनं भरलंय. दुसरं काय खाईल ती?" सहादेवानं पोळ्याचा एक तुकडा मोडून पुढे केला. मध त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. "घ्या, हितंच चाटा की."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "बाटलीत तीन दिवस बसल्याशिवाय मध जिभेला लावायचा नसतो. कच्चा असतो तो."

"आमी तर कच्चाच खातो बा. लई ग्वाड लागतो."

"तुला गोडच लागणार," मास्तर दयेनं म्हणाले आणि त्यांनी बाटली पुढे केली.

चौथ्या दिवशी राहात्याला, अंघोळ करून, मास्तरांनी करवीचा मध चाखला. आधी गोडी आली. मग रानाचा वास आला. आणि शेवटी जिभेच्या मुळाशी एक खोल कडवटपणा उतरला, तो दिवेलागणीपर्यंत गेला नाही.

"सात वर्षांची वाट आहे ही, हन्ना," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

हन्नानंही बोटभर चाटला. "मला बाई मागच्या पावसाळ्यातल्या हिवतापाची आठवण झाली."

मास्तरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

नाताळाला विल्सन बहिणीकडे आला. दाजींनी त्याला आगकाडीवरून सातही मध चाखवले आणि प्रत्येकावर प्रवचन दिलं. विल्सन प्रत्येक थेंबाला थोडा अधिक गंभीर होत गेला. मग तो स्वयंपाकघरात जाऊन बहिणीशी बराच वेळ बोलला. बाहेर आली ती हन्ना, मफलर घेऊन.

"डोळे बांधायचे. तीन बशा. तिन्ही ओळखल्यात तर फळी जन्मभर तुमची, मी शब्द काढणार नाही. एक जरी चुकली, तर आज बरण्या वर."

"आणशील त्या बशा," मास्तर म्हणाले.

पहिली बशी. "जांभूळ."

"बरोबर," हन्ना म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

दुसरी. "बोर. यात काय ओळखायचं!"

"बरोबर."

तिसरी बशी ओठांना लागली आणि मास्तर स्तब्ध झाले. मफलरखालून एक अश्रू मिशीत उतरला. "करवी," ते म्हणाले. "आणि आपल्या बाटलीपेक्षाही अस्सल. विल्सन, हा तुला मिळाला कुठं?"

"दाजी, काकवी आहे. शेजारच्या गोरक्षनाथाच्या गुऱ्हाळातली."

"अशक्य! मग हा कडवटपणा?"

"कोयनेलचा, हिवतापाच्या औषधाचा. काल दवाखान्यात संपलेली बाटली तुमच्यासाठी आणली होती, तिच्यात काकवी ओतून हलवली. तुम्ही डोंगरावर नेलेली बाटलीही कोयनेलचीच होती."

मास्तरांनी मफलर सोडला. "जांभूळ तर बरोबर ओळखलं ना मी?"

"मीही वासावरून ओळखलं. जांभळाची बाटली गुडघ्याला चोळायच्या औषधाची. बोरीची ओव्याच्या अर्काची. बाभळीची दाढेला लावायच्या लवंगतेलाची. मला वाटलं, तुम्ही धुऊन घेत असाल."

"मला वाटलं, तू धुऊन देतोस."

 मग मास्तर शब्दाला जागले. त्यांनी स्वतः सातही बाटल्या एकेक करून उतरवल्या, धोतराच्या सोग्यानं फळी पुसली आणि वाकून खाटेखालून कैरीची बरणी ओढून काढली. हन्नानं ती दोन्ही हातांनी उचलून फळीपाशी नेली. फळीच्या वर लगेच घराची तुळई होती. हन्नानं बरणी सरळ धरून पाहिली, तिरपी करून पाहिली, झाकण काढूनही पाहिली.

बरणी दोन बोटं जास्त उंच होती.