विष पचवणारी वेल

अंबरनाथच्या केमिकल कंपनीतली रात्रपाळी संपवून भीमराव बदलापूरपलीकडच्या गावात आला, की आधी कुंपणावरच्या ईश्वरीच्या वेलीवरचे सुरवंट मोजायचा. त्या सकाळी सतरा होते, डाळिंबी रंगाचे, तांबड्या काट्यांचे. लाल अंगाचं काळं फुलपाखरू जंगलातून येऊन ईश्वरीवरच अंडी घालतं. सुरवंट पानातलं विष साठवतो, ते पंख फुटल्यावरही अंगात राहतं. कोतवाल पक्षी त्याला एकदा चोच मारतो आणि थुंकतो. हे भीमरावाने पारावर समजावलं होतं. गावाने एवढंच ऐकलं, की ही वेल विष पचवते.

तेवढ्यात शेजारचा कोंडाजी कोयता घेऊन आला. मागे झाडपाल्याचं औषध देणारा म्हातारा महिपती. कोंडाजीच्या बायकोला, इंदुबाईला, गोवऱ्या काढताना मण्यार चावली होती. ओट्यावर बसलेल्या तिच्या पापण्या मिटत होत्या.

"मुळी दे. रस पाजायचाय," कोंडाजी म्हणाला.

"दादा, हिच्यातच विष आहे. वहिनींना रिक्षात घाल, सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची सुई मिळते."

"विष आहे म्हणूनच तर," महिपती म्हणाला. "तूच सांगितलंस ना? का अळ्यांचं बारसं राहिलंय?"

भीमराव वेलीपुढे आडवा उभा राहिला. कोंडाजीच्या कोयत्याची उलटी बाजू त्याच्या मनगटावर बसली, हाड मोडलं. दुसरा घाव तोंडावर. दात तुटून ओठात रुतला.

"अळ्यांपायी माझी बायको मारतोस, भीम्या?"

वेल आहे तोवर हा रिक्षा बोलावणार नाही, हे भीमरावाला कळलं. तो घरात गेला, चांगल्या हाताने रॉकेलचा डबा आणून वेलीवर, मुळाशी ओतला आणि चुलीतलं जळतं लाकूड टाकलं. सुरवंटांनी डोक्यामागची नारिंगी शिंगं बाहेर काढली, उग्र वास सोडला, आणि एकेक तडतडून फुटला.

महिपतीने एक मुळी उपटली, हुंगली, रॉकेलच्या वासाने फेकली. कोंडाजी भीमरावाला लाथा घालत राहिला. इंदुबाई ओट्यावरून आडवी कोसळली, तेव्हा थांबला.

कोयता कमरेला खोचून त्याने रिक्षा बोलावली; भीमरावही तिच्यात चढला. वाटेत इंदुबाईचा श्वास अडकू लागला. कंपनीत गॅसगळतीसाठी शिकवलेलं श्वास देणं भीमरावाला आठवलं. त्याने रक्ताळलेलं तोंड पुसलं आणि कोंडाजीकडे पाहिलं.

"तोंडाला तोंड लावावं लागेल."

कोंडाजीचा हात कोयत्यावर गेला. मग त्याने मान दुसरीकडे वळवली.

"लाव."

दवाखाना येईपर्यंत भीमराव फुंकत राहिला. डॉक्टरांनी तिला आत नेलं, तेव्हा नाडी चालू होती.