भागूबाईचं गाणं, प्रयागबाईची सही

निकिता प्रबंध घेऊन पणदऱ्याला आली तेव्हा प्रयागबाई ओसरीवर भेंडी निवडत बसली होती. "आजी, झालं एकदाचं! ही तुमची प्रत," असं म्हणून पोरीनं ते काळ्या बांधणीचं जाड पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

दोन वर्षं निकिता बारामतीहून येत होती. खुरपताना बायका जी गाणी म्हणतात, त्यांच्यावर तिची पीएच.डी. होती. प्रयागबाईनं तिला एकसष्ट गाणी दिली. या शिवारातल्या बायकांची एक रीत होती. दुसरीचं गाणं म्हणायचं तर आधी तिचं नाव घ्यायचं, मग तोंड उघडायचं. कुणी विसरलीच, तर शेजारची खुरपं थांबवून विचारायची, "कुणाचं उचललंस गं?" त्या रीतीनं प्रयागबाईनंही प्रत्येक गाण्याआधी नाव सांगितलं होतं. निम्म्याहून जास्त गाणी सुप्याच्या भागूबाईची होती.

भागूबाई जिरायत भागातली. दर साली खुरपणीला पणदऱ्याला यायची, याच ओसरीवर निजायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मागं तिचा एक फोटोसुद्धा नाही. लेक रतन वालचंदनगरला क्वार्टरमध्ये धुणीभांडी करते. तिला प्रयागबाईनं शब्द दिला होता, "तुझ्या आईचं नाव पुस्तकात येणार हाय. मी सोत्ता सांगितलंय."

प्रयागबाई पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून ती वाचायला लागली. गाणं सापडलं.

'हात चाले खुरप्याशी, डोळा बांधाच्या वाटेला,
माझ्या सुप्याच्या मातीला पाणी न्हाई गं वाट्याला.'

पानाच्या तळाला बारीक अक्षरात टीप होती. 'प्रयागबाई गेणबा कोकरे, वय ७१, पणदरे. प्रत्यक्ष मुलाखत.' तिनं पान उलटलं. तिथंही तेच. आणखी चार पानं उलटली.

"ह्यात भागूबाई कुठं हाय?"

निकितानं मान खाली घातली. "मी घातलं होतं, आजी. माझ्या मार्गदर्शक सरांनी काट मारली. म्हणाले, गेलेल्या बाईची मुलाखत तू घेतलेली नाहीस. जिची घेतलीस तिचंच नाव दे. नाहीतर पुरावा जोड."

"पुरावा? अगं, माझं माहेर बागायती, सासर बागायती. सुप्याच्या मातीला पाणी न्हाय, असं मी कशाला म्हणीन?"

"हे मीही सांगितलं. म्हणाले, तो तुझा अंदाज झाला. मी तुमचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्यांनी तुमच्या सहीचे फॉर्म पुढं ठेवले." निकितानं पिशवीतून एक कागद काढला. 'वरील गीत माझे स्वतःचे आहे,' असं वर छापलं होतं. खाली प्रयागबाईची सही, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं. असे एकसष्ट कागद.

"मी साक्षीला सही केली गं! पंचनाम्यावर करत्यात तशी. गाणं भागूबाईचं हाय, मी साक्षीदार हाय, म्हणून."

"वर छापलं होतं, आजी."

"मग तू वाचून का न्हाय दाखवलंस?"

"मी वाचायला घेतलं, तर तुम्हीच म्हणालात, मला येतंय वाचायला."

ते खरं होतं. त्या दिवशी चष्मा घरात होता आणि तो आणायला उठायचं प्रयागबाईच्या जिवावर आलं होतं. शिवाय सही करताना शेजारणी बघत होत्या.

"आता दुरुस्त कर."

"प्रती विद्यापीठात गेल्या. आता फॉर्म खोटे होते असं लिहून द्यायचं, तर सगळा प्रबंधच जाईल. सहा वर्षं घातलीत मी." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रयागबाईला तिच्यावर धड रागावताही येईना.

रविवारी रतन आली. चांगलं लुगडं नेसून, एसटीनं, हातात पेढ्याचा पुडा. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पुस्तकाला आधी हात जोडले आणि म्हणाली, "दाखवा मावशी, कुठं हाय माझ्या आईचं नाव?"

बोट कुठंही ठेवलं असतं तरी चाललं असतं.

"न्हाय आलं," प्रयागबाई म्हणाली.

रतन हसली. "चेष्टा करता व्हय?"

"न्हाय गं. गाणी आली. माझ्या नावावर आली."

"समदी?"

"समदी."

"आन् तुमी गप बसला?"

"मीच सही केली. काय लिवलंय ते न बघता."

रतननं पुस्तक बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझी आई अडाणी व्हती. पर तुमचं गाणं तिनं कवा आपलं म्हनलं न्हाय."

प्रयागबाई चहा टाकायला आत गेली. दूध उतू जाईपर्यंत चुलीपाशीच उभी राहिली. कप घेऊन बाहेर आली तेव्हा रतन फाट्याच्या वाटेला लागली होती आणि पेढ्याचा पुडा तिच्या हातात तसाच होता.