ओरडणं माझं, दुकान लुबोवाचं

मी एक कार्ड बोलतोय. पत्त्यातलं नाही, लग्नपत्रिकेचंही नाही. सर्व्हर नावाच्या पत्र्याच्या पेटीत, पंख्याशेजारी धूळ खात बसलेलं कार्ड. माझ्या हाताखाली चार हार्ड डिस्क आहेत. कुठे काय ठेवायचं, कोण जिवंत आहे आणि कोण गेलं, हे सगळं मी बघतो.

चौघींपैकी एक गेली तरी काही बुडत नाही. उरलेल्या तिघी तिचा वाटा उचलतात. दुसरीही गेली की मात्र सगळं संपलं. म्हणून मला बनवणाऱ्यांनी मला आवाज दिला. पहिली गेली की हा ओरडेल आणि माणसं धावत येऊन नवी बसवतील, असं त्यांना वाटलं. भाबडे होते बिचारे.

मी येऊन पडलो मसाका गावात, लुबोवाच्या व्हिडिओच्या दुकानात. आमच्या युगांडात लग्नाआधी क्वांजुला होतो. मुलाकडची मंडळी नटूनथटून मुलीच्या घरी येतात, मुलीची आत्या त्या परक्या पोराची ओळख करून देते, मग टोमणे, थट्टा, टोपल्या भरभरून भेटी. शेवटी मुलीचा बाप म्हणतो, हा आता याच घरात जन्मला. लुबोवा हे सगळं टिपतो आणि माझ्या डिस्कवर टाकतो. व्हिडिओ कधी देणार विचारलं की म्हणतो, "पुढच्या शुक्रवारी." कुठल्या महिन्यातल्या, ते विचारायचं नसतं.

पहिली डिस्क गेली तेव्हा मी जीव तोडून ओरडलो. समोर गिऱ्हाईक होतं.

"नाक्कू, त्याचं तोंड बंद कर आधी," लुबोवा म्हणाला.

नाक्कू त्याच्याकडे व्हिडिओ जोडायचं काम करते. हुशार पोरगी. काळ्या स्क्रीनवर टाइप करून मला हुकूम देता येतात हे तिनेच शोधून काढलं. माझी तब्येत विचारायची कमांड आहे, नवी डिस्क कामाला लावायची आहे, जुनीला रजा द्यायची आहे. या दुकानाने त्यातली एकच पाठ केली, मला गप्प करायची.

"दादा, नवी डिस्क आणायला हवी," नाक्कू म्हणाली.

"चालतंय ना? मग झालं तर."

मेलेल्या डिस्कचा लाल दिवा लुकलुकत राहिला. तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर येतो म्हणून लुबोवाने चारही दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आजारपण असं झटक्यात बरं करणारा वैद्य मी दुसरा पाहिला नाही.

मग एक दिवस आत्याबाई आल्या. त्यांच्या भाचीच्या, नाबोसाच्या क्वांजुलात त्यांनीच नवऱ्या मुलाला घरात आणलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नाबोसाचे वडील काद्दू गेले. आत्याबाईंचा एकुलता एक भाऊ. त्याचा आवाज त्या एका व्हिडिओशिवाय कुठेच नव्हता. कॅमेऱ्यातली मूळ प्रत लुबोवाने पुढचं लग्न टिपायला कधीच पुसली होती.

"व्हिडिओ दे," म्हणत आत्याबाई बाकावर बसल्या.

"पुढच्या शुक्रवारी नक्की, आत्याबाई."

"बरं. मी इथेच बसून शुक्रवारची वाट बघते." आणि पिशवीतून भाजलेली केळी काढून त्या निवांत खायला लागल्या.

लुबोवाला घाम फुटला. तिघींच्या जिवावर माझं काम रखडत होतं. "ती मेलेली काढून टाकतो, म्हणजे पळेल," तो म्हणाला. स्क्रीनवर मी स्वच्छ लिहिलं होतं, क्रमांक दोन मेली आहे. आता मी मोजतो शून्यापासून, म्हणजे माझी दोन नंबरची तिसऱ्या खणात. लुबोवा मोजतो एकपासून. दिवा बघावा तर त्यावर याचीच पट्टी.

"दादा, थांबा," नाक्कू म्हणेपर्यंत त्याने दुसऱ्या खणातली धडधाकट डिस्क ओढून काढली.

सगळे व्हिडिओ एका क्षणात दिसेनासे झाले. मी किंचाळलो. लुबोवाने ती घाईघाईने परत कोंबली, पण माझा नियम आहे. न सांगता बाहेर गेलेली मी ओळखत नाही. मी स्क्रीनवर लिहिलं, डिस्क परकी आहे. पुढे दोन वाटा दिल्या. तिला घरात घ्या, नाहीतर तिच्यावरच्या जुन्या खुणा साफ करा.

"साफ कर," लुबोवा म्हणाला. "स्वच्छ असलेलं बरं." उभ्या जन्मात दुकान न झाडलेल्या माणसाला स्वच्छता सुचली ती नेमकी इथे.

"साफ केलं तर काही परत मिळणार नाही, दादा."

"आणि घरात घेतली तर?"

"येईल बहुतेक. मी कधी केलं नाहीये."

"काय झालं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

नाक्कूने खरं ते सांगितलं. "तुमच्या भावाचा व्हिडिओ या डिस्कवर आहे. यंत्र हिला परकी म्हणतंय. घरात घेऊ की पुसू, विचारतंय."

आत्याबाईंनी केळं खाली ठेवलं. "परक्यांना घरात घेण्यातच माझा जन्म गेला. घे आत."

नाक्कूने कमांड दिली. खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो. एकेक खूण जुळवत गेलो. जुळली. तिघी पुन्हा उभ्या राहिल्या, लंगडत का होईना.

स्क्रीनवर पांढऱ्या झग्यातला काद्दू खुर्चीत बसला होता. जावयाला म्हणत होता, "आता तू याच घरात जन्मलास. फक्त माझ्या बहिणीला घाबरून राहा. मीही राहतो." हसता हसता त्याला खोकला आला, आणि कुणीतरी ढोल वाजवून तो बुडवला.

"खोटारडा," आत्याबाई स्क्रीनला म्हणाल्या. "कधी घाबरलास रे मला?" आणि तळहाताने डोळे पुसत बसल्या.

नाक्कूने प्रत काढून त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात मी पुन्हा ओरडायला लागलो. मेलेली अजून खणातच होती ना.

"हे काय वाजतंय?"

"काही नाही, आत्याबाई. नेहमीचंच आहे," लुबोवा म्हणाला. "नाक्कू, बंद कर."

"काद्दूचा खोकलाही नेहमीचाच होता," आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही रेडिओ मोठा करायचो."

नाक्कूने हात मागे घेतला.

तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी ओरडत असेल, तर त्याला गप्प करायला सगळ्यात शेवटी शिका, एवढंच मागणं. लुबोवा म्हणतो, नवी डिस्क पुढच्या शुक्रवारी येईल. आत्याबाई अजून बाकावरून उठलेल्या नाहीत, आणि मला कुणी गप्प केलेलं नाही.